घेतांना विकण्याचा विचार

व्यवहारांतले कांहीं प्रश्न वरून पाहतां केवळ जमाखर्चाचे दिसतात. पण ते थोडे खोल उकरले कीं त्यांच्या तळाशीं नीतीचा खडक लागतो. पन्नास-साठ लाख रुपये खर्चून आलिशान मोटार घेऊं पाहणाऱ्या गृहस्थापुढें उभा राहणारा प्रश्न अशाच जातीचा आहे. गाडी दहा-पंधरा वर्षें बिनतक्रार चालेल काय, आणि विकण्याची वेळ आलीच तर तिचे किती पैसे परत येतील, अशा दोन गोष्टी तो तराजूंत घालतो. स्नेही, विक्रेते आणि घरांतले कर्ते मुलगे ह्यांच्या बोलण्यांत हीं दोन मापें इतकीं मिसळलेलीं असतात कीं, तीं एकच आहेत असें कोणालाही वाटावें. "हिला जुन्या बाजारांत मागणी आहे, तेव्हां गाडी चांगलीच असणार," हें वाक्य कानांवरून गेलें नाहीं असा मनुष्य विरळा. हीं दोन मापें खरोखर एक आहेत काय? नसल्यास त्यांतलें कोणतें अधिक वजनाचें मानावें? आणि स्वतःच्या उपभोगासाठीं वस्तु घेत असतां ती उद्यां एखाद्या परक्याला किती रुपयांना आवडेल, ह्याची चिंता वाहणें हें शहाणपण कीं क्षुद्रपणा? ह्या तीन प्रश्नांचा येथें विचार करावयाचा आहे. ज्यांना असली मोटार कधींच घ्यावयाची नाहीं अशा वाचकांनीं, म्हणजे मासिकांच्या बहुतेक वाचकांनीं, हें पान उलटण्याची घाई करूं नये. मोटार हें येथें निमित्त आहे. प्रश्न त्यांच्याही घरांतला आहे.

ॲरिस्टॉटलनें आपल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथाच्या पहिल्याच भागांत पादत्राणाचा दाखला दिला आहे. जोडा पायांत घालतां येतो, आणि दुसऱ्या वस्तूच्या मोबदल्यांत देतांही येतो. दोन्ही उपयोग जोड्याचेच खरे. पण जोडा बनविला जातो तो पायांत घालण्याकरितां. मोटारीला हा विवेक जसाच्या तसा लागू पडतो. तिचा भरंवसा, म्हणजे वर्षानुवर्षें न अडतां चालण्याची तिची शक्ति, हा त्या वस्तूचा स्वतःचा गुण आहे. तो पोलादांत, रबरांत, तारांच्या वेष्टनांत आणि जोडकामांत राहतो. मालकाला तो ठाऊक असो वा नसो. पुनर्विक्रीची किंमत मात्र वस्तूंत राहत नाहीं; वस्तूविषयीं लोकांच्या मनांत जी समजूत असते तिच्यांत ती राहते. एक कारखान्यांत जन्मतो, दुसरी बाजारांत. एकाचा प्रत्यय अपरात्रीं घाटांत येतो. दुसरीचा दलालाच्या कचेरींत.

आतां भरंवशाचा विचार प्रथम करूं. आलिशानपणा आणि भरंवसा ह्यांचें मुळांतच थोडें वांकडें आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. साधी गाडी लोखंडी स्प्रिंगांवर तोललेली असते. महागड्या गाडींत पुष्कळदां हवेनें भरलेले रबरी फुगे तें काम करितात, आणि रबर वयानें जीर्ण होतें. साध्या गाडीची बैठक हातानें मागें-पुढें सरकते. महागडीची बैठक लहान लहान विजेच्या मोटरी सरकवितात, तापवितात, थंड करितात आणि वर पाठही चेपून देतात. प्रत्येक नवी सोय म्हणजे बिघडूं शकणारी एक नवी वस्तु. गणितानें सांगावयाचें तर असें: एखाद्या यंत्राचे १०० भाग आहेत, ते एकमेकांपासून स्वतंत्रपणें बिघडतात, आणि त्यांतला प्रत्येक भाग वर्षभर निर्दोष चालण्याची शक्यता शेंकडा ९९ आहे असें धरा. सगळेच्या सगळे भाग वर्षभर निर्दोष राहण्याची शक्यता मग शेंकडा सुमारें ३७ एवढीच उरते. हीच प्रत्येक भागाची शक्यता हजारांत ९९९ पर्यंत नेली, तर समग्र यंत्राची शक्यता शेंकडा ९० वर जाते. ९९ आणि ९९.९ ह्यांतला हा फरक विक्रीच्या दालनांत डोळ्यांना दिसत नाहीं, हाताला लागत नाहीं, आणि जाहिरातींतही मावत नाहीं. तो कोणीतरी कारखान्यांत, कोणी पाहत नसतां, चिकाटीनें साधावा लागतो. म्हणून आलिशान गाडीचा टिकाऊपणा ही केवळ यांत्रिक बाब राहत नाहीं. तिच्यांत कारागिराच्या शीलाचा अंश असतो.

ह्याचें एक ठळक उदाहरण इतिहासांत आहे. १९८३ सालीं टोयोटा कंपनीचे प्रमुख एइजी टोयोडा ह्यांनीं, जगांतल्या उत्तमोत्तम गाड्यांशीं बरोबरी करील अशी गाडी आपणांस बनवितां येईल काय, हा प्रश्न आपल्या सहकाऱ्यांपुढें टाकला. इचिरो सुझुकी हे त्या कामाचे मुख्य अभियंता. सुमारें साडेचारशें नमुना-गाड्या बनवून, चालवून आणि मोडून पाहिल्यावर जी गाडी सिद्ध झाली, ती लेक्सस एलएस ४०० ह्या नांवानें जानेवारी १९८९ मध्यें डेट्रॉइटच्या प्रदर्शनांत मांडण्यांत आली, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत अमेरिकेंत विकूं लागली. मूळ किंमत ३५,००० डॉलर. तोलामोलाच्या जर्मन गाड्यांहून पुष्कळच कमी. पण लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट पुढेंच घडली. डिसेंबरांत कंपनीनें, मागच्या उंचावरील ब्रेकच्या दिव्याच्या तारा आणि वेग स्थिर राखणारी यंत्रणा ह्यांविषयींच्या थोड्याशा तक्रारींवरून, तोंवर विकलेल्या सुमारें ८,००० गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलावल्या. पुष्कळ मालकांच्या घरीं जाऊन गाडी नेली, दुरुस्त केली, धुतली आणि पेट्रोलची टाकी भरून परत आणून उभी केली. नव्या नांवाला पहिल्या चार महिन्यांतच बट्टा लागावा असा हा प्रसंग. पण त्यानेंच त्या नांवाची पत बसली. भरंवसा पोलादांत राहतो असें वर म्हटलें. त्यांत आतां इतकी भर घातली पाहिजे कीं, तो पोलाद घडविणाऱ्याच्या वागणुकींतही राहतो.

ह्याच उदाहरणांत पुनर्विक्रीच्या मापाचा दुबळेपणाही दिसून येतो. १९८९ सालीं ती गाडी घेणाऱ्या अमेरिकन गृहस्थानें, 'दहा वर्षांनीं हिचे काय येतील?' असें विचारलें असतें, तर त्याला उत्तर देणारा बाजारच अस्तित्वांत नव्हता. नांवच मुळीं नवें होतें. १९९६ सालच्या एका एलएस ४०० नें पुढें दहा लाख मैलांचा टप्पा गांठला. परंतु हा दाखला मिळेपर्यंत त्या जातीची गाडी बनणें २००० सालींच बंद झालें होतें. बाजाराची साक्ष नेहमीं वडिलांविषयीं असते, आणि आपण घेत असतों तो मुलगा. घराण्यावरून वर पसंत करण्यांत कांहींच अर्थ नाहीं असें नव्हे; पण घराणें म्हणजे वर नव्हे, इतकें भान राहिलें पाहिजे.

उलटपक्षीं, गाडींत तिळमात्र दोष नसतां तिची किंमत कोसळूं शकते. स्वीडनच्या साब कंपनीचें २०११ सालीं दिवाळें निघालें. आपल्याकडे शेव्हरोले गाड्यांची विक्री २०१७ च्या अखेरीस थांबली, आणि सप्टेंबर २०२१ मध्यें फोर्ड कंपनीनें भारतांतील उत्पादन बंद करीत असल्याचें जाहीर केलें. आदल्या दिवशीं अंगणांत जशी गाडी उभी होती तशीच ती दुसऱ्या दिवशीं उभी होती. तिचा एक स्क्रूही ढिला झाला नव्हता. पण उद्यां सुटे भाग मिळतील कीं नाहीं ह्या धास्तीनें तिचें मोल उतरलें. दिल्लीचा दाखला तर अधिक बोलका आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं दहा वर्षांवरील डिझेल मोटारींना दिल्ली व आसपासच्या प्रदेशांत मनाई केली, आणि २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या मनाईस, तसेंच पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारींवरील मनाईसही, दुजोरा दिला. २०२५ सालीं त्याच न्यायालयानें ह्या धोरणांत फेरफार केला. परंतु मधल्या वर्षांत कितीतरी सुस्थितींतल्या उंची गाड्या मिळेल त्या किंमतीस परप्रांतीं रवाना झाल्या. त्यांचा भरंवसा कायम होता. बाजार मात्र उठला होता. तेव्हां पहिल्या प्रश्नाचें उत्तर स्पष्ट आहे: हीं दोन मापें एक नव्हेत. पुष्कळदां तीं एका दिशेनें चालतात, कारण लोकांची समजूत शेवटीं अनुभवावरच बनते. पण समजूत अनुभवाच्या मागून चालते, आणि वाटेंत दिवाळें, कायदा व फॅशन ह्यांच्याशीं तिची गांठ पडते.

आतां दुसरा प्रश्न, वजनाचा. येथें थोडें अंकगणित अपरिहार्य आहे. विम्यासाठीं मोटारीची किंमत उतरविण्याचें आपल्याकडे एक ठराविक प्रमाण आहे: पहिल्या सहा महिन्यांत शेंकडा ५, वर्ष पुरें होईतों १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पांचपर्यंत ५०. आलिशान गाड्यांची बाजारांतली घसरण पुष्कळदां ह्याहूनही वेगवान असते. पण हेंच प्रमाण धरलें तरी साठ लाखांच्या गाडीचे पांच वर्षांत तीस लाख आटतात, म्हणजे दरमहा ५०,००० रुपये. गाडी दारांत नुसती उभी असली तरी हा खर्च चालूच असतो, आणि तो खिशांतून प्रत्यक्ष जात नसल्यामुळें दिसत नाहीं. अशा स्थितींत एका गाडीची किंमत शेंकडा ४० नें उतरते आणि दुसरीची ६० नें, ह्यांतला बारा लाखांचा फरक उडवून लावण्याजोगा नाहीं. एखाद्या सुशिक्षित कुटुंबाचा वर्षाचा संसार तेवढ्यांत चालतो.

परंतु हें सारें गणित एका गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ती म्हणजे घेणाऱ्याचा हेतु. जो तीन वर्षांनीं गाडी बदलणार, त्याला पुनर्विक्रीची किंमत हेंच सर्वस्व; भरंवशाशीं त्याचा संबंध केवळ कीर्तिरूपानें येतो, कारण हमीची मुदत संपण्यापूर्वींच तो मोकळा होतो. जो पंधरा वर्षें गाडी ठेवणार, त्याच्या दृष्टीनें सगळ्याच गाड्या शेवटीं जवळजवळ सारख्याच अल्प किंमतीला येतात. त्याला भरंवसा हेंच सर्वस्व. म्हणून 'भरंवसा मोठा कीं परतीची किंमत मोठी?' ह्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वीं 'तूं हिच्याबरोबर किती वर्षें राहणार?' असा उलट प्रश्न केला पाहिजे. गंमत अशी कीं, घेणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं हा प्रश्न स्वतःला कधींच विचारलेला नसतो. ते पंधरा वर्षांचा टिकाऊपणा मागतात, तीन वर्षांची परतीची किंमत मागतात, आणि सातव्या वर्षीं कंटाळतात.

येथून पुढें नीतीचें क्षेत्र सुरू होतें. कारण तीन वर्षांनीं सुटणाऱ्या पहिल्या मालकाच्या मागें एक दुसरा मालक उभा असतो. साठ लाखांची गाडी दहा वर्षांनीं आठ-दहा लाखांवर येते. पण तिचा सुटा भाग साठ लाखांच्या गाडीचाच राहतो. गाडीची किंमत उतरली म्हणून तिच्या दुरुस्तीची किंमत उतरत नाहीं. आलिशान गाडीच्या भावांतली ती मोठी घसरण पुष्कळांना बाजाराचा अन्याय वाटतो. वस्तुतः पुढें येणाऱ्या खर्चापोटीं दुसऱ्या मालकाला दिलेली ती सूट असते. सूट योग्य असेल तर पहिल्यानें दुसऱ्याचें कांहींच लुबाडलें नाहीं. पण ती योग्य केव्हां असेल? दुसऱ्याला गाडीची खरी स्थिति कळेल तेव्हां.

नेमक्या ह्याच ठिकाणीं बाजार कसा आजारी पडतो, हें जॉर्ज ॲकरलॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं एका निबंधांत दाखविलें. अमेरिकेंतल्या बोलींत भिकार गाडीला 'लिंबू' म्हणतात, आणि निबंधाचा विषय लिंबांचा बाजार हाच होता. विकणाऱ्याला गाडीचें खरें रूप ठाऊक असतें, घेणाऱ्याला नसतें. म्हणून घेणारा सरासरीची किंमत पुढें करितो. त्या किंमतीला चांगल्या गाडीचा धनी विकावयास तयार होत नाहीं. तो बाजारांतून निघून जातो. मागें राहतात त्यांची सरासरी आणखी उतरते, तशी घेणाऱ्याची किंमतही उतरते, आणि मग मध्यम गाडीवालेही निघून जातात. हा निबंध आधीं तीन नियतकालिकांनीं नाकारला होता. २००१ सालीं त्याच्या कर्त्याला ह्याच विचाराबद्दल नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. त्याचा नैतिक अर्थ असा कीं, लबाडीचा दंड लबाडाला होत नाहीं, तो त्याच्या शेजारच्या सज्जनाला होतो. किलोमीटरचा आंकडा मागें फिरविणारा एक मनुष्य, ज्यानें प्रत्येक तेलबदलाची पावती जपून ठेवली आहे त्याच्या गाडीचीही किंमत खालीं ओढतो.

मग विकणाऱ्यानें दोष सांगावे काय? हा वाद मोटारीपेक्षां दोन हजार वर्षांनीं जुना आहे. सिसेरोनें कर्तव्यांवरील आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत एका घराची गोष्ट घेतली आहे. घर रोगट आहे, हें केवळ धन्याला माहीत आहे. त्यानें तें सांगावें कीं न सांगावें? बाबिलोनचा डायोजेनीस म्हणे, घेणाऱ्यावर कोणी सक्ति केली नाहीं. त्यानें डोळे उघडे ठेवावे. ॲंटिपॅटर म्हणे, आपल्या लाभासाठीं दुसऱ्याला अज्ञानांत ठेवणें हें वाट चुकलेल्याला वाट न दाखविण्याहूनही वाईट. सिसेरोनें ॲंटिपॅटरच्या बाजूनें कौल दिला. आपल्या मनुस्मृतींतही आठव्या अध्यायांत, खरेदी-विक्रीचा पस्तावा झाल्यास दहा दिवसांच्या आंत वस्तु परत देण्या-घेण्याची मुभा आहे. म्हणजे घेणाऱ्याचे डोळे व्यवहारानंतर उघडतात, ही गोष्ट धर्मशास्त्रकारांनीं गृहीत धरली होती. मालविक्रीचा १९३० सालचा आपला कायदा मात्र सर्वसाधारणपणें घेणाऱ्यानें सावध असावें ह्या तत्त्वावर उभा आहे, जरी त्याला अपवाद पुष्कळ ठेवले आहेत. कायदा डायोजेनीसच्या अंगणांत थांबतो. सज्जनानें ॲंटिपॅटरच्या घरापर्यंत जावें, इतकेंच म्हणतां येईल.

उरला तिसरा प्रश्न, आणि मला तो सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. घेतांनाच विकण्याचा विचार करणें हें मनाच्या कोतेपणाचें लक्षण नव्हे काय? रसिकाचा आक्षेप असा: ज्याला गर्द हिरवा रंग मनापासून आवडतो तो पांढरी गाडी घेऊन येतो, कारण पांढरी लवकर विकली जाते. बैठकींवर तो वर्षानुवर्षें आच्छादन घालून ठेवतो, म्हणजे ज्या मुलायम कातड्यासाठीं पैसे मोजले त्याला त्याचा स्वतःचा स्पर्श कधीं होत नाहीं. लांबचा प्रवास टाळतो, कारण आंकडा वाढतो. कोण्या अज्ञात, अद्याप न जन्मलेल्या गिऱ्हाइकाची तो आपल्याच घरांत चाकरी करीत असतो. आणि ही संवय मोटारीशीं थांबत नाहीं. विषय निवडतांना 'मला काय समजून घ्यावयाचें आहे?' असें न विचारतां 'ह्याला मागणी किती?' असें विचारणारे विद्यार्थी मीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांना दोष देववत नाहीं. पण ज्यानें आपल्या बुद्धीचा रंगही पांढराच निवडला, त्याला पुढें ती मागणी ओसरली म्हणजे हिरव्याचें सुखही मिळालेलें नसतें.

हा आक्षेप खरा आहे. पण पुरा खरा नाहीं. ज्याच्यापाशीं अलोट संपत्ति आहे त्यानें परतीची किंमत मोजली नाहीं तर तें औदार्य दिसेल. पण ज्यानें आयुष्यभराच्या बचतींतून एकदांच अशी गाडी घेतली, त्याचा पैसा त्याच्या एकट्याचा नसतो. उद्यां घरांत दुखणें निघालें, मुलीला परदेशीं शिकावयास जावें लागलें, किंवा स्वतःचेच डोळे अधू होऊन गाडी चालवितां येईना, तर त्या गाडीचें पुन्हां पैशांत रूपांतर होऊं शकतें कीं नाहीं, हा प्रश्न कृपणाचा नव्हे, कर्त्या पुरुषाचा आहे. त्याखेरीज, आपल्या हातून वस्तु सुटल्यावरही ती कोणाच्या तरी उपयोगी पडावी, ही इच्छा उपभोगाच्या विरोधी नाहीं. आजीच्या शालूची घडी मोडतांना नात जी कृतज्ञता अनुभवते, तिच्यांत आजीनें शालू जपला ह्याचा भाग असतोच. मात्र आजी तो नेसली होती, हेंही तितकेंच खरें. दोष विकण्याचा विचार करण्यांत नाहीं. तो विचार उपभोगाच्या जागीं बसविण्यांत आहे.

ह्या सर्व विवेचनावरून क्रम असा लागतो. भरंवशाला पहिलें स्थान, कारण तो गाडींत बसणाऱ्या जिवंत माणसांसाठीं आहे, आणि बाजार उठला तरी तो उठत नाहीं. परतीच्या किंमतीला दुसरें, कारण ती घराच्या अडीअडचणीसाठीं आहे. पण ती लोकमताची देणगी असल्यामुळें तिच्यावर मनोरा बांधूं नये. दोन गाड्या भरंवशांत तुल्यबळ असतील तेव्हां तिनें निकाल द्यावा. भरंवसा कमी असलेल्या गाडीच्या बाजूनें तिला कौल देऊं देऊं नये. घेतांना कसोटी अशी लावावी: ही गाडी कधींच विकतां येणार नाहीं असें ठरलें, तरी मी ही घेईन काय? आणि घेतल्यावर ती अशी वापरावी व राखावी कीं, उद्यां ती एखाद्या स्नेह्यालाच विकण्याचा प्रसंग आला, तर तिच्याविषयीं कांहीं लपवावें लागूं नये.

ही दुसरी अट पहिलीहून कठीण आहे. तेलबदलाच्या पावत्या एका पाकिटांत क्रमानें लावून ठेवणें, ठोकर लागली असेल तर ती सांगणें, आणि सांगितल्यामुळें लाख-दीड लाख कमी आले तर ते सोडून देणें, एवढेंच तिच्यांत मागितलें आहे. परंतु त्या दीड लाखांचा मोह साठ लाखांच्या मोहाहून सूक्ष्म असतो. तो आवरणाऱ्या मनुष्याची गाडी कोणत्याही कंपनीची असली, तरी तिच्या दुसऱ्या मालकाला ती पहिल्यापेक्षां कमी भरंवशाची वाटण्याचें कारण उरत नाहीं.